आईची हाक कोण ऐकेल?

एकटे राहणाऱ्या आई-वडिलांसाठी मदतीची सोय कशी निवडावी

१. एक रात्र

ही गोष्ट माझ्याच घरातली आहे. तीच आधी सांगतो.

आमचे गाव सातारा जिल्ह्यात, डोंगराच्या कडेला आहे. घरात माझी आई, मी आणि माझी पत्नी असे तिघे राहतो. मुलगा पुण्याला नोकरीला आहे. २०१९ साली आईचे वय ८२ होते. मला शाळेतून निवृत्त होऊन तीन वर्षे झाली होती.

त्या वर्षी डिसेंबरात सुनेचे दुसरे बाळंतपण आले. आम्ही दोघे पुण्याला निघालो. आईला म्हटले, "तूही चल."

आई म्हणाली, "मग शेरडं कुणी बघायची? मी ऱ्हाते हितंच. शेजार हाय की."

आम्ही तिला मोबाइल घेऊन दिला होता. रोज संध्याकाळी तिच्याशी बोलत होतो. आम्हाला वाटले, सोय झाली.

एका रात्री दोनच्या सुमारास आई लघवीला उठली. दिवा लावायचा तर भिंतीपर्यंत जायला हवे. तिने तो लावला नाही. अंधारात घोंगडीत पाय अडकला आणि ती पडली. खुब्याचे हाड मोडले. तिला उठता येईना. सरकताही येईना.

मोबाइल कुठे होता? समोरच्या देवळीत, चार्जिंगला लावलेला. ती पडली तिथून सहा हातांवर. पहाटे त्याच्यावर कसला तरी संदेश आला. त्याचा उजेड पडला. तो तिला दिसला. ती मला मागून म्हणाली, "फोन दिसत हुता रं बाळा. पर हात कसा पुरावा?"

तिने हाका मारल्या. पण थंडीचे दिवस. शेजारच्यांची दारे-खिडक्या गच्च बंद. कुणी ऐकले नाही. साडेसातला शेजारची सूनबाई दूध द्यायला आली. दार बंद. आतून कण्हणे ऐकू आले. तिने आरडाओरडा करून माणसे जमवली. दाराला आतून अडणा होता. दोघांनी कौले काढली, आत उतरले आणि दार उघडले.

दोन ते साडेसात. म्हणजे साडेपाच तास. एवढा वेळ माझी आई थंडगार फरशीवर पडून होती.

आता बघा. घरात फोन होता. आईला हाक मारता येत होती. भिंतीला लागून शेजार होता. तरी हाक पोचली नाही. मी पस्तीस वर्षे मुलांना गणित शिकवले. पण हे घरचे गणित माझे चुकले होते. त्यानंतर मी जे शिकलो, ते तुम्हाला सांगतो.

२. पडण्याइतकेच पडून राहणे वाईट

म्हातारपणी हाडे ठिसूळ होतात. नजर कमी होते. तोल जातो. त्यामुळे माणूस पडतो. हे आपण सगळे जाणतो. पण पडल्यावर तासन् तास तसेच पडून राहिले तर काय होते, हे पुष्कळांना माहीत नसते.

अंगाचा भार एकाच जागी पडतो. तिथले कातडे दबते. तिथे जखम होते. दबलेले मांस आतून खराब होते. त्यातला विषारी अंश रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडाला बाधतो. घशाला कोरड पडते. अंगातले पाणी कमी होते. थंडीत अंग गार पडते. माणूस बरा होता होता या दुखण्यांनी खचतो.

काही दुखण्यांत तर घड्याळ फारच महत्त्वाचे असते. तोंड एकीकडे वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळू लागले, तर तो अर्धांगवायू असू शकतो. आपल्याकडे 'वारं गेलं' म्हणतात, तेच. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन असते. पण ते साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. आणि ते देण्यापूर्वी मोठ्या दवाखान्यात मेंदूचा फोटो काढून पाहावा लागतो. म्हणून सकाळची वाट पाहायची नाही. छातीत कळ येऊन दरदरून घाम सुटला, तरीही तसेच.

म्हणून म्हातारे माणूस पडू नये ही काळजी घ्यावीच. रात्री एक बारीक दिवा जळता ठेवावा. वाटेतल्या घोंगड्या, बादल्या उचलाव्या. मोरीत धरायला दांडी बसवावी. पण एवढे करूनही माणूस पडू शकतो. तेव्हा हाक लवकर पोचली पाहिजे.

३. हाकेचे बटण

परदेशात पुष्कळ म्हातारी माणसे एकटी राहतात. तिकडे पन्नास वर्षांपूर्वी यावर एक युक्ती निघाली. अमेरिकेत १९७४ साली अँड्र्यू डिब्नर नावाच्या गृहस्थांनी अशी सेवा देणारी कंपनी काढली.

ही युक्ती सोपी आहे. म्हाताऱ्या माणसाच्या गळ्यात किंवा मनगटावर एक छोटे बटण असते. घरात टेलिफोनला जोडलेली एक पेटी असते. बटण दाबले की पेटी आपोआप फोन लावते. दुसऱ्या टोकाला रात्रंदिवस माणसे बसलेली असतात. ती विचारतात, "काय झाले?" मग शेजाऱ्याला, मुलाला किंवा रुग्णवाहिकेला कळवतात. याचे दर महिन्याला पैसे द्यावे लागतात. आपल्याकडेही मोठ्या शहरांत अशी सेवा पैसे देऊन मिळते.

आता तर पेटीही लागत नाही. बटणातच सिम कार्ड असते. पडल्याचे आपोआप ओळखणारी घड्याळेही निघाली आहेत.

या युक्तीत दोन भाग आहेत. एक भाग हाक मारणारे बटण. दुसरा भाग हाक ऐकून धावणारे माणूस. दुकानात फक्त पहिला भाग मिळतो. दुसरा भाग आपला आपल्याला जुळवावा लागतो. मी हे विसरलो आणि फसलो.

४. माझे पैसे कसे वाया गेले

आई दवाखान्यातून घरी आली. खुब्याची शस्त्रक्रिया झाली होती. वॉकर धरून ती चालू लागली होती. मी घाईने पुण्याच्या एका दुकानात गेलो. गळ्यात घालायचे, सिमवर चालणारे बटण घेतले. साडेचार हजार रुपये दिले. दुकानदाराने दुकानात दाबून दाखवले. माझा फोन खणखणला. मी खूश झालो.

घरी आणले. आईच्या गळ्यात घातले. दाबले. काहीच झाले नाही!

आमच्या माजघरात मोबाइलला रेंज नाही. अंगणात जावे तेव्हा लागते. दुकान शहरात. तिथे रेंज भरपूर. शिवाय ते यंत्र जुन्या पद्धतीचे, टूजीवर चालणारे होते. आमच्या गावात ज्या कंपनीची रेंज त्यातल्या त्यात बरी, तिचे सिम त्याला चालेना. मी परत गेलो. दुकानदार म्हणाला, "विकलेला माल परत घेत नाही."

आणखी एक झाले. आईला ते आवडलेच नाही. ते जड होते. लाल दिवा लुकलुकायचा. ती म्हणाली, "गळ्यात घंटा बांधायला मी काय गाय हाय व्हय?" पहिल्याच रात्री तिने ते काढले आणि खुंटीला अडकवले. म्हणजे फोन देवळीत होता, आता बटण खुंटीला गेले. फरक काय पडला?

५. घेण्याआधी तीन प्रश्न

त्यानंतर मी तीन प्रश्न ठरवले. कोणतीही वस्तू घेण्याआधी हे प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: जमिनीवर पडलेल्या माणसाचा हात तिथे पोचेल का?

हे उभे राहून कळत नाही. स्वतः जमिनीवर आडवे व्हा. मोरीत, दाराजवळ, अंथरुणाजवळ पडून पाहा. भिंतीवरचे बटण तिथून हाताला लागते का? जे अंगावर असते तेच उपयोगी पडते. माणूस मोरीतही पडू शकतो. म्हणून ते पाण्याने बिघडत नाही ना, हेही विचारा. नाहीतर आंघोळीच्या वेळी ते काढून ठेवले जाते.

दुसरा प्रश्न: हाक कुणाला ऐकू जाईल, आणि तो किती वेळात येईल?

पुण्याच्या मुलाचा फोन वाजला, तर त्याला गावी यायला तीन तास लागतात. शेजारी तीन मिनिटांत येतो. म्हणून पहिली हाक जवळच्याला गेली पाहिजे. मुलाला दुसरा फोन.

तिसरा प्रश्न: आई ते वापरील का?

हे तिलाच विचारा. तिच्या माघारी ठरवू नका. आपण तिच्यासाठी घेतो, पण वागवायचे तिला असते. तिचा हात थरथरत असेल तर बटण मोठे हवे. दिसत नसेल तर चाचपून कळणारे हवे. पुष्कळ म्हाताऱ्या माणसांना वाटते, "रात्री कुणाला कशाला उठवा? उगीच त्रास." हा संकोच यंत्राने जात नाही. शेजाऱ्याने समोर बसून सांगावे लागते, "आत्ती, रात्री कितीबी वाजूद्यात, दाबा. चुकून वाजली तरी आमी रागवायचो न्हाई."

६. कोणते साधन, कुणासाठी

आता एकेक साधन पाहू.

शिट्टी किंवा थाळी. पाच-दहा रुपयांची शिट्टी दोऱ्यात ओवून गळ्यात घालता येते. वीज नको, रेंज नको. पण फुंकायला छातीत बळ लागते. घर शेजाराला लागून असेल तरच आवाज पोचतो. तरी दुसरी सोय होईपर्यंत आजच्या आज ही करून ठेवावी.

बिनतारी घंटा. दाराला लावतात तीच ही. छोटे बटण आपल्याकडे ठेवायचे. वाजणारी घंटा शेजारच्या घरात ठेवायची. साधारण हजार रुपयांच्या आत मिळते. मोबाइलची रेंज लागत नाही. महिन्याचा खर्च नाही. पण खोक्यावर लिहिलेले अंतर हे मोकळ्या मैदानातले असते. दगडी भिंती मध्ये आल्या की ते कमी होते. घेण्याआधी दुकानदाराला सांगा, "घरी लावून पाहतो, नाही वाजली तर परत आणतो." घंटा बॅटरीवर चालणारी घ्या. विजेवरची घेतली तर वीज गेल्यावर ती मुकी होते.

बटणांचा मोबाइल. साध्या फोनमध्ये एकच बटण दाबून धरले की ठरवलेला नंबर लागतो, अशी सोय करता येते. काही फोनांना मागे संकटाचे मोठे बटण असते. ते दाबले की आपण भरून ठेवलेल्या नंबरांना एकामागून एक फोन जातो. २०१७ सालापासून विकल्या जाणाऱ्या फोनांत संकटाच्या वेळी दाबायचे बटण असावे, असा केंद्र सरकारचा नियमही झाला. पण आपल्या फोनमध्ये ते कोणते आणि ते कसे चालते, हे दुकानात समजून घ्या. फोन अंगावर हवा. त्यासाठी कापडी पिशवी शिवून गळ्यात किंवा कमरेला बांधावी. रिचार्ज संपले की बाहेर फोन लागत नाही. ती तारीख लिहून ठेवावी.

गळ्यातले सिमचे बटण. हे काही हजारांना पडते. शिवाय सिमचा खर्च. ज्या घरात सगळ्या खोल्यांत चांगली रेंज आहे आणि माणूस हिंडते-फिरते आहे, त्याला हे बरे. शेतात, देवळात, बाजारातही ते चालते. घेताना विचारा: कोणत्या कंपनीचे सिम चालते? बॅटरी किती दिवस जाते? बिघडले तर दुरुस्त कोण करील? महिन्याला किती पैसे?

पडल्याचे ओळखणारे घड्याळ. अंगाला जोराचा हिसका बसला आणि मग हालचाल थांबली, की या घड्याळाला कळते. ते आपोआप फोन लावते. बेशुद्ध माणसाला याचा उपयोग आहे. पण माणूस भिंतीला धरून हळूच घसरला तर त्याला कळेलच असे नाही. उलट जोरात हात आपटला तरी ते वाजते. यातली पुष्कळ घड्याळे रोज-दोन रोजांनी चार्ज करावी लागतात. ते कोण करील याचा विचार करून मगच पैसे घाला.

आम्ही काय निवडले? बिनतारी घंटा. तिचे बटण सुपारीएवढे. आईने ते स्वतः तुळशीच्या माळेत दोऱ्याने बांधून घेतले. माळ ती कधी काढत नाही. त्यामुळे बटणही निघत नाही. पाणी लागू नये म्हणून वर जाड प्लॅस्टिक शिवले. घंटा सूनबाईच्या घरात, झोपायच्या खोलीत. सगळे मिळून साडेसहाशे रुपये लागले.

७. ऐकणारी माणसे

ऐकणारे एकच माणूस पुरत नाही. सूनबाई माहेरी गेली तर? म्हणून निदान तीन माणसे ठरवा. एक अगदी लागून राहणारे. दुसरे त्याच आळीतले. तिसरे गाडी असलेले. त्यांच्याशी समोरासमोर बोला. "तुम्ही याल ना?" असे विचारा. गावी जाताना त्यांनी एकमेकांना सांगावे, असे ठरवा.

त्यानंतर सरकारी मदत. तीन नंबर लक्षात ठेवा.

१०८. हा रुग्णवाहिकेचा नंबर. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ साली ९३७ गाड्यांनी सुरू झाली. ती रात्रंदिवस असते आणि पैसे पडत नाहीत. गाडीत डॉक्टर असतो. तुमचा फोन पुण्याच्या केंद्रात लागतो. तिथल्या माणसाला तुमचे गाव माहीत नसते. एकाच नावाची गावे पुष्कळ असतात. म्हणून आधी जिल्हा सांगा, मग तालुका, मग गाव, मग जवळची खूण. रोगी कोण, वय काय, काय झाले, शुद्धीवर आहे का, श्वास चालू आहे का, ते सांगा. ते "ठेवा" म्हणेपर्यंत फोन ठेवू नका. एका माणसाला विजेरी देऊन फाट्यावर उभे करा.

११२. पोलीस, आग, कोणतेही संकट, यासाठी हा एकच नंबर आहे. फोनला कुलूप असले तरी हा लावता येतो.

१४५६७. हा म्हाताऱ्या माणसांसाठीचा सल्ल्याचा नंबर. २०२१ साली तो देशभर सुरू झाला. पेन्शन, कायदा, घरातला छळ, एकटेपण, अशा गोष्टींत इथे मदत मिळते. पण हा दिवसाचा नंबर आहे. रात्री माणूस पडले तर इथे नव्हे, १०८ ला फोन करा.

गाडी येईपर्यंत काय करावे? पडलेल्या माणसाला ओढून उठवू नका. पाय आखूड दिसला, बाहेर वळलेला दिसला, तर खुबा मोडलेला असू शकतो. तो चोळू नका, ताणू नका. पडला आहे तिथेच अंगावर पांघरूण घाला. जवळ बसा, बोलत राहा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका. माझ्या आईला लोकांनी बसवून, जीपमधून हिसके खात नेले. लोकांची माया खरी होती. पण वाटेत तिचे फार हाल झाले. १०८ ला फोन करायचे त्या वेळी कुणालाच सुचले नाही.

८. किल्ली आणि कागद

हाक पोचली, माणूस धावत आला, आणि दाराला आतून अडणा! मग काय करणार? आमची कौले काढावी लागली. आता आम्ही अडणा काढून टाकला. बाहेरून किल्लीने उघडणारे कुलूप दाराला बसवले. एक किल्ली आईकडे, एक सूनबाईकडे. घराची किल्ली ज्याच्या हाती द्यायची ते माणूस विश्वासाचे हवे. ते तुमचे तुम्ही ठरवा.

दुसरी गोष्ट कागद. हा कागद तुम्हीच लिहायचा आहे. तुम्ही आता लिहायला शिकला आहात. मोठ्या अक्षरांत लिहा:

नाव आणि वय.
कोणते दुखणे आहे.
कोणत्या गोळ्या चालू आहेत, कधी घेते.
कोणते औषध सोसत नाही.
गाव, तालुका, जिल्हा, जवळची खूण.
तीन शेजाऱ्यांचे आणि मुला-मुलींचे नंबर.
१०८ आणि ११२.

फोनच्या बटणांवर इंग्रजी आकडे असतात. म्हणून नंबर मराठी आकड्यांत लिहा आणि त्याखाली इंग्रजी आकड्यांतही लिहा. घाईत ताळा करायला सोपे जाते. गोळ्यांची नावे पाकिटावरून पाहून उतरा. अडले तर दवाखान्यातल्या बाईंना किंवा आशाताईंना विचारा. कागद दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. गोळ्या बदलल्या की कागद बदला.

९. सकाळची खूण

कधी कधी माणसाला बटण दाबायचेही भान राहत नाही. तिथे सगळी यंत्रे हरतात. त्यासाठी सकाळची एक खूण ठरवा.

आमची आई सकाळी सहाला दार उघडते आणि उंबऱ्यावर पाणी शिंपडते. साडेसहापर्यंत उंबरा कोरडा दिसला, तर सूनबाई हाक मारते. ओ आली नाही तर किल्ली लावते. याला एक पैसाही लागत नाही. गावात जुन्या काळी हे आपोआप होत असे. आता घरे बंद झाली, माणसे कामाला लवकर जातात, म्हणून ते ठरवून करावे लागते.

आणि दर बाजारच्या दिवशी घंटा वाजवून पाहायची. आई बटण दाबते. सूनबाई तिकडून "ऐकली हो आत्ती!" म्हणून ओरडते. झाली तपासणी. १०८ किंवा ११२ ला मात्र उगीच फोन लावून पाहू नका. त्या वेळी दुसऱ्या कुणाचा जीव अडलेला असतो.

१०. एकादशीची रात्र

आमची सोय खरोखरी कामाला आली, ती २०२२ सालच्या आषाढी एकादशीला.

आम्ही दोघे त्या दिवशी पंढरपूरला होतो. आई घरी. तिला मधुमेह आहे. तिने उपास केला, पण साखरेची गोळी नेहमीप्रमाणे घेतली. पोटात अन्न थोडे आणि गोळी पुरी. रात्री अकराला तिला घाम फुटला. हातपाय थरथरू लागले. डोळ्यांपुढे अंधारी आली. बाहेर पाऊस. गावातली वीज गेलेली. तिने माळेतले बटण दाबले.

घंटा बॅटरीवरची होती. ती वाजली. सूनबाई विजेरी घेऊन आली. किल्लीने दार उघडले. तिचा नवरा रातपाळीला गेलेला. घरात मोठे माणूस दुसरे नाही. अंगणात जाऊन तिने १०८ लावला. जिल्हा, तालुका, गाव सांगितले. तिकडून विचारले, "बाईंना काही आजार आहे का? औषध काय चालू आहे?"

ही सूनबाई चार वर्षांपूर्वी आमच्या साक्षरता वर्गात येत होती. त्याआधी तिला सहीसुद्धा करता येत नव्हती. विजेरीच्या उजेडात तिने दारावरचा कागद वाचला. एकेक अक्षर लावून गोळीचे नाव सांगितले. तिकडच्या माणसाने विचारले, "शुद्धीवर आहेत का? गिळता येतं का?" ती म्हणाली, "व्हय." मग ते म्हणाले, "साखरेचं पाणी थोडं थोडं पाजा. गाडी निघाली आहे."

गाडी चाळीस मिनिटांनी आली. तोवर आई थोडी सावरली होती. डॉक्टरांनी रक्तातली साखर तपासली, सलाईन लावले आणि तिला तालुक्याच्या दवाखान्यात नेले. दुसऱ्या दिवशी दुपारी आई घरी आली. डॉक्टरांनी बजावले, "आजी, उपास करायचा असेल तर गोळीचं आधी आम्हाला विचारायचं." आता ते वाक्य आमच्या कागदावर सर्वांत वर लिहिले आहे.

मी सूनबाईला म्हटले, "तुझे उपकार फार झाले." ती म्हणाली, "गुरुजी, मी काय केलं? कागद वाचला."

११. आता तुम्ही करा

हा धडा वाचून झाला की आपल्या आई-वडिलांजवळ बसा. तुमच्या घरी कुणी म्हातारे नसेल तर शेजारी असेल. त्यांना आणि स्वतःला हे प्रश्न विचारा:

१. रात्री इथे पडलात तर हाताला काय लागेल?
२. तुमची हाक पहिल्यांदा कोण ऐकेल?
३. ते माणूस घरात कसे शिरेल?
४. कागद लिहिला आहे का? कुठे लावला आहे?
५. सकाळची खूण कोणती?
६. शेवटची तपासणी कधी केली?

उत्तरे वहीत लिहा. ज्या प्रश्नाला उत्तर मिळाले नाही, ते काम या आठवड्यात करा. वस्तू विकत घ्यायची ती त्यानंतर.